जड टेलिफोटो भिंगासाठी मोनोपॉडचे हेड

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पावसाळा सरत आला की चित्रबलाकांच्या वसाहती बाभळींच्या शेंड्यांवर गजबजू लागतात. तेथे पाणथळीतून काढलेल्या बांधांवरून पायी, सायकलीने किंवा सायकलरिक्षाने हिंडावयास मोकळीक असते, आणि म्हणूनच पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांचे ते आवडते ठिकाण होय. मात्र ज्याने खांद्यावर जड भिंग आणि तिपाई घेऊन त्या बांधांवर दिवस काढला आहे, त्याला सायंकाळपर्यंत आपल्या सामानाचा पुनर्विचार करावासा वाटतो. हा विचार बहुधा एकपायी आधारापाशी, म्हणजे मोनोपॉडपाशी, येऊन थांबतो. मोनोपॉड कोणता घ्यावा हे ठरविणे फारसे कठीण नाही. कठीण असते ते त्याच्या टोकावर कोणता सांधा बसवावा हे ठरविणे. या सांध्याला व्यवहारात हेड असे म्हणतात आणि प्रस्तुत प्रकरणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आधाराची गरज किती आहे हे आधी थोड्या हिशोबाने पाहू. ३६ मिलिमीटर रुंदीच्या चौकटीवर ६०० मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग वापरले, तर ३० मीटर अंतरावर केवळ १.८ मीटर रुंदीचा पट्टा आपल्याला दिसतो. अशा वेळी कॅमेरा एका अंशाचा दहावा भाग एवढाच हलला, तरी त्या अंतरावर आपली नजर पाच सेंटिमीटरांहून अधिक सरकते. म्हणजे पक्ष्याच्या डोळ्यावर धरलेला नेम त्याच्या मानेवर जातो. शटरचा वेळ केंद्रांतराच्या व्यस्ताहून अधिक असू नये, म्हणजे येथे १/६०० सेकंदाहून कमीच असावा, हा जुना ढोबळ नियम याच हिशोबातून आलेला आहे. अलीकडच्या भिंगांतील कंपशामक योजनेमुळे हा नियम पुष्कळ शिथिल झाला आहे हे खरे. तथापि ती योजना हाताची थरथर शमविते, हाताचा थकवा नव्हे. वजने पाहिली तर कॅननचे ६०० मिलिमीटर, एफ/४ हे १९९९ सालचे भिंग ५.३६ किलोग्रॅमचे होते. २०११ साली जाहीर झालेली त्याची पुढील आवृत्ती चार किलोग्रॅमच्या किंचित आत आली आणि २०१८ ची तीन किलोग्रॅमच्या आसपास उतरली. त्यात कॅमेऱ्याचे एक ते दीड किलोग्रॅम मिळवावयाचे. घरट्यात पिल्लू मान वर काढील या आशेने एवढे ओझे डोळ्यापाशी वीस मिनिटे धरून उभे राहणे कोणाच्याही आवाक्यातले नाही.

मोनोपॉड हे ओझे जमिनीवर उतरवितो. तो पडू न देण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागते. छायाचित्रकाराचे दोन पाय हेच त्याचे उरलेले दोन पाय होत.

आता कॅमेऱ्याला किती प्रकारे हलवावे लागते ते पाहा. एक, डावीउजवीकडे. यासाठी काही विशेष नको, कारण मोनोपॉड आपल्या टोकावर सहज फिरतो. दोन, चौकट आडवी किंवा उभी करण्यासाठी. जड भिंगांना भोवती एक कॉलर असते आणि तिचा स्क्रू सैल केला की भिंग कॅमेऱ्यासह तिच्यात फिरते. म्हणजे हीही सोय अगोदरच आहे. उरली ती तिसरी, वरखाली होण्याची. एवढ्या एकाच हालचालीसाठी हेडची गरज असते. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवली, तर निवडीतील निम्मा घोळ आपोआप मिटतो.

हेडवाचून चालतच नाही असे मात्र नव्हे. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेपाशी बसणारे छायाचित्रकार पुष्कळदा भिंग सरळ मोनोपॉडच्या स्क्रूवरच बसवितात. खेळाडू आणि ते स्वतः एकाच पातळीवर असतात. मोनोपॉड थोडा पुढेमागे कलविला की काम भागते. पक्षी झाडाच्या शेंड्यावर असला म्हणजे गोष्ट बदलते. दीड मीटर उंचीचा मोनोपॉड घेऊन भिंग ३० अंश वर उचलावयाचे झाले, तर मोनोपॉडही तितकाच मागे कलवावा लागतो आणि त्याचे वरचे टोक तळापासून ७५ सेंटिमीटर मागे येते. त्याच वेळी टोकाची उंची सुमारे २० सेंटिमीटरांनी कमी होते. असा वाकून, मागे रेलून उभा राहिलेला माणूस स्थिर राहू शकत नाही, आणि त्याच्या हातातील भिंगही.

बाजारात सहज मिळणारे, आणि बहुतेकांच्या घरी तिपाईबरोबर आलेले असते म्हणून प्रथम वापरले जाणारे, हेड म्हणजे बॉल हेड. खोबणीत बसविलेला धातूचा एक गोळा आणि त्याला आवळणारा नॉब, एवढीच त्याची रचना. लहान कॅमेऱ्यासाठी ते उत्तम आहे. जड भिंगासाठी, निदान मोनोपॉडवर, ते घेऊ नये असे माझे मत आहे. आणि त्याची कारणे सांगितली पाहिजेत. बॉल हेडमध्ये भिंगाचा गुरुत्वमध्य गोळ्याच्या वर असतो. समजा, कॅमेऱ्यासह भिंग पाच किलोग्रॅमचे आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य गोळ्याच्या मध्यापासून १० सेंटिमीटर उंच आहे. भिंग समतोल असताना सर्व ठीक असते. ते २० अंश कलविले की गुरुत्वमध्य बाजूला ३.४ सेंटिमीटर सरकतो आणि गोळ्यावर १७ किलोग्रॅम-सेंटिमीटरचे परिबल येते. ४५ अंशांवर हेच परिबल दुपटीहून अधिक, सुमारे ३५ होते. म्हणजे भिंग जितके कलते तितके ते अधिक जोराने पडू पाहते. हे सर्व परिबल गोळ्याच्या पृष्ठभागावरील घर्षणाने पेलावयाचे असते. गोळ्याचा व्यास ३० मिलिमीटर असेल तर १७ किलोग्रॅम-सेंटिमीटरसाठी त्याच्या पृष्ठावर सुमारे ११ किलोग्रॅम भाराइतके घर्षण लागते. ५० मिलिमीटरच्या गोळ्याला सातच्या आत भागते. मोठ्या गोळ्याचे हेड महाग का असते आणि तरीही जाणते लोक तेच का मागतात, याचे उत्तर येथे मिळते.

पण खरी अडचण निराळीच आहे. गोळा सर्व दिशांना मोकळा असतो. उडत्या पक्ष्यामागे भिंग फिरविण्यासाठी नॉब सैल केला की भिंग वरखाली होण्याबरोबरच कुशीवरही लोळू लागते, आणि डाव्या हाताचे अर्धे लक्ष त्याला सावरण्यातच जाते. तिपाईवर हे घडले तर निदान तिपाई उभी असते. मोनोपॉडवर भिंग कुशीवर पडले की त्याच्या ओढीने मोनोपॉडही त्याच बाजूला जातो. हिवाळ्यातील एका पहाटे बोटे बधिर झालेली असताना माझ्या हातून असेच झाले. भिंग वाचले, परंतु भिंगाचा पाया आणि हेड यांच्या बेचक्यात सापडलेले करंगळीचे नख महिनाभर काळे होते. समोरच्या सारसांच्या जोडीचे चित्र मिळाले नाही, हे सांगावयास नकोच.

म्हणून मोनोपॉडसाठी योग्य ते हेड म्हणजे एकाच अक्षावर कलणारे, ज्याला टिल्ट हेड म्हणतात. त्यात एक आडवा आस असतो. भिंग त्याभोवती पुढेमागे झुकते, कुशीवर मुळीच नाही. ते वजनाला हलके आणि रचनेला साधे असते. घेताना पाहावयाच्या गोष्टींपैकी एक अशी आहे की ती दुकानदारही कित्येकदा सांगत नाहीत. कॅमेऱ्याच्या तळाला लावलेली प्लेट सामान्यतः भिंगाच्या दिशेला काटकोनात असते. भिंगाच्या कॉलरला लावलेली प्लेट मात्र भिंगाच्या दिशेतच, लांबीला धरून असते. त्यामुळे कॅमेऱ्यासाठी बसविलेल्या पकडीत भिंगाची प्लेट अडकविली, तर हेड पुढेमागे कलण्याऐवजी भिंगाला डावीउजवीकडे पाडते, आणि हवी असलेली एकमेव हालचाल नाहीशी होते. यासाठी पकड सोडवून ९० अंशांत फिरविता येते का, हे पैसे देण्यापूर्वीच पाहून घ्यावे. बहुतेक चांगल्या हेडमध्ये ती एका ॲलन कीने फिरविता येते.

प्लेटही पुरेशी लांब असावी. अर्का-स्विस पद्धतीच्या पकडीत प्लेट पुढेमागे सरकविता येते, आणि तिचा खरा उपयोग समतोल साधण्यासाठी असतो. नॉब सैल ठेवून भिंग आडवे धरावे आणि ते पुढे झुकते की मागे हे पाहत प्लेट सरकवीत जावे. टेलिकन्व्हर्टर जोडला किंवा कॅमेरा बदलला की ही जागा बदलते. १५० ते ६०० मिलिमीटरच्या अनेक झूम भिंगांची नळी बाहेर येते. त्यांत तर प्रत्येक झूमगणिक समतोल सरकतो. अशा वेळी ज्या केंद्रांतरावर आपण अधिक काळ काम करतो, त्यासाठी समतोल साधावा आणि बाकीचे नॉबच्या घर्षणावर सोडावे. प्लेटच्या दोन्ही टोकांना लहान अडसर-स्क्रू असतात. ते काढून ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, तो आवरावा.

गिंबल हेडची ख्याती वाचकांनी ऐकली असेल. त्यात भिंग अशा रीतीने टांगलेले असते की त्याचा गुरुत्वमध्य कलण्याच्या आसावरच येतो. वर केलेला परिबलाचा हिशोब येथे शून्यावर येतो. हात सोडला तरी भिंग जेथे असेल तेथेच राहते. तिपाईवर याला तोड नाही. पण पूर्ण आकाराचे गिंबल हेड एक किलोग्रॅमहून जड असते, आणि डावीउजवीकडे फिरण्यासाठी त्यात जी दुसरी बैठक असते ती मोनोपॉडवर निरुपयोगी ठरते. ओझे कमी करण्यासाठी ज्याने मोनोपॉड घेतला त्याने ते पुन्हा टोकावर चढवावे हे मला तरी पटत नाही. मोनोपॉडसाठी मुद्दाम केलेली लहान गिंबलेही मिळतात. ती घेताना भिंगाचा भार मोनोपॉडच्या बरोबर वर येतो की एका बाजूला लोंबतो हे पाहावे. बाजूला लोंबणारा भार मोनोपॉडला सतत त्या बाजूला ओढतो आणि मनगट दमवितो.

हेडवर लिहिलेल्या भारक्षमतेच्या आकड्यावर फारसे विसंबू नये. हा आकडा काढण्याची सर्वमान्य अशी एक पद्धत नाही, आणि सरळ उभा भार पेलणे निराळे, कललेला भार सरकू न देणे निराळे. घरीच परीक्षा घ्यावी. जमिनीवर गोधडी अंथरून मोनोपॉड तिच्यावर रोवावा, भिंग ४५ अंश कलवून नॉब आवळावा, मोनोपॉड भिंतीशी टेकवून घट्ट धरावा आणि दूरच्या एखाद्या खिडकीच्या कोपऱ्यावर नेम धरून दोन मिनिटे दृश्यदर्शकातून पाहावे. कोपरा चौकटीत हळूहळू वर चढू लागला, तर भिंगाचे तोंड खाली येत आहे असे समजावे. नॉब आवळता आवळताच नेम सरकत असेल तर तोही दोषच. पण तो सवयीने सांभाळून घेता येतो.

आणखी एका धोक्याची सूचना दिली पाहिजे. मोनोपॉड आणि हेड यांचा जोड ३/८ इंची किंवा १/४ इंची स्क्रूचा असतो. त्याचे आटे उजवे असतात, म्हणजे वरून पाहता हेड डावीकडे फिरविले की ते सैल होते. तिपाईच्या बैठकीत हेड फिरू नये म्हणून खालून बारीक स्क्रू दिलेले असतात. मोनोपॉडमध्ये ते बहुधा नसतात. उजवीकडून डावीकडे उडणाऱ्या पक्ष्यांमागे सकाळभर भिंग फिरवीत राहिल्यास, मोनोपॉडचा तळ मातीत रुतलेला असताना, हेड एकेक आटा सुटत जाते. जड भिंगाला ३/८ इंचीच स्क्रू असावा, आणि तासादोन तासांनी जोड हाताने आवळून पाहावा. भिंग लावलेला मोनोपॉड खांद्यावर टाकून चालावयाचे असेल, तर भिंगाचा स्वतःचा पट्टाही गळ्यात असावा.

व्याघ्रप्रकल्पांत मात्र हे सर्व बाजूला ठेवावे लागते. तेथे जिप्सीतून उतरता येत नाही आणि गाडीच्या तळावर टेकविलेला मोनोपॉड इंजिनाचा प्रत्येक हादरा भिंगापर्यंत पोहोचवितो. शिवाय शेजारी बसलेल्यांच्या पायांत तो अडकतो तो निराळाच. अशा ठिकाणी गाडीच्या दांडीवर टाकलेली तांदळाची किंवा मुगाची जाड कापडी पिशवी अधिक उपयोगी पडते. प्रवासात ती रिकामी न्यावी आणि मुक्कामाच्या गावी वाण्याकडून भरून घ्यावी.