बर्फावरील डागांची नोंद

जेथे माणूस पोहोचत नाही, तेथील प्राणी मोजावयाचे कसे, असा प्रश्न वर्गात विद्यार्थी आम्हांस विचारतात. त्याचे एक उत्तर येथे देत आहोत.

अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र हिवाळ्यात गोठतो. सम्राट पेंग्विन त्या गोठलेल्या समुद्रावरच प्रजनन करतात. उजेड परतला की त्यांच्या विष्ठेचे तपकिरी डाग उपग्रहचित्रांत पांढऱ्या बर्फावर उठून दिसतात. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली अशा डागांवरून दहा नव्या वसाहती शोधल्या.

पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसे डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास येतात. तोवर पायांखालचा बर्फ टिकावा लागतो. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातील पाचपैकी चार वसाहतींखालचा बर्फ त्याआधीच फुटला. चित्रांतून डाग नाहीसे झाले. तेथे बहुधा एकही पिल्लू वाचले नाही, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला.

आधीच्या वर्षांची चित्रे हाती होती, म्हणूनच ही हानी कळली. त्याच जागेची, त्याच ऋतूत, दरवर्षी नोंद घेणे हा निरीक्षणाचा पाया होय. आमच्या विद्यार्थ्यांनी हा धडा ध्यानी ठेवावा.