हाय हील्स, पोटरी आणि माथेरानचा चढ

माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडावी लागते, हे आपल्या हॉस्टेलमधल्या निम्म्या लोकांना तरी माहीत असेलच. नेरळचा घाट चढून आलं की पुढे गाड्यांना बंदी! घोडे आहेत, 1907 पासूनची मिनी ट्रेन आहे, 2022 च्या डिसेंबरात ई-रिक्षाही सुरू झाल्या. पण पॉइंट्स बघायचे तर शेवटी आपलेच दोन पाय. आणि कुठलाही ग्रुप गेला, की एक तरी मैत्रीण हील्स घालून येतेच. काही भागात पेव्हर ब्लॉक आहेत, बाकी सगळी लाल माती, सुटे दगड आणि झाडांची वर आलेली मुळं. बाजारपेठ येईपर्यंत सँडल तिच्या हातात असतात.

सगळे तिला हसतात. मला मात्र त्यातलं मेकॅनिक्स जास्त इंटरेस्टिंग वाटतं. शिवाय प्रश्न एका ट्रिपचा नाहीये. थर्ड इयरपासून सेमिनार, प्रेझेंटेशन, कॅम्पस इंटरव्ह्यू असं करत करत आपल्यातल्या कितीतरी जणी आठवड्यातले चार-पाच दिवस हील्स घालू लागतात. काही मॅडम तर हील्स घालून लागोपाठ दोन लेक्चर्स उभ्या असतात. तेव्हा पायाच्या आत नेमकं काय चालतं ते बघू या.

आधी थोडी भूमिती. समजा हील 3 इंच, म्हणजे साधारण 7.5 सेंटिमीटर. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर 17 सेंटिमीटर धरा. 7.5 भागिले 17 चा साइन इन्व्हर्स काढला की कोन येतो 26 अंश. आता माथेरानची ट्रेन घ्या. तिचा चढ जास्तीत जास्त 20 ला 1, म्हणजे तीन अंशांहूनही कमी, आणि तेवढ्यासाठी ती डोंगराला वळसे घालत दोन-अडीच तास घेते. हील्सवाली मुलगी मात्र हॉस्टेलच्या सपाट कॉरिडॉरमध्येही जवळजवळ 2 ला 1 अशा उतारावर उभी असते!

एवढ्या उतारावर आपण पुढे पडत नाही, कारण घोटा तेवढा पुढे उघडतो. टाच वर जाते आणि मागे पोटरी आखडते. पोटरीत (हा शब्द मला आजीमुळे माहीत, शाळेत आम्ही 'काफ'च म्हणायचो) दोन मोठे स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रोक्नेमियस, तो गुडघ्याच्याही वरून सुरू होतो, आणि त्याच्याखाली सोलियस. दोन्ही मिळून टाचेमागच्या जाड दोरीला, म्हणजे अकिलीस टेंडनला, जोडलेले. आपल्या भाषेत सांगायचं तर एक अ‍ॅक्चुएटर आणि एक स्प्रिंग, सिरीजमध्ये. चालताना शरीर पावलावरून पुढे जातं तेव्हा ही स्प्रिंग ताणली जाते आणि पाऊल उचलताना तीच ऊर्जा परत देते. एकदम एफिशियंट डिझाइन आहे.

पण स्नायूचा एक नियम असतो. त्याची ताकद त्याच्या लांबीवर अवलंबून असते. मधल्या लांबीला तो सगळ्यात जोरात ओढतो, फार आखडला की ओढ कमी पडते. हील्समध्ये पोटरी आधीच आखडलेली, त्यामुळे घोट्यातून मिळणारा धक्का कमी होतो. मग ते काम कोण करणार? पाय पुढे उचलायला जांघेतले स्नायू जास्त राबतात. गुडघा थोडा वाकलेलाच राहतो, म्हणून मांडीच्या पुढच्या स्नायूंना सुट्टी नाही. 1998 साली 'लॅन्सेट'मध्ये केरिगन आणि सहकाऱ्यांनी 20 निरोगी स्त्रियांच्या चालण्याची मोजमापं छापली. त्यात अनवाणी चालण्यापेक्षा हाय हील्समध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूवर भार टाकणारा टॉर्क सरासरी 23 टक्के जास्त निघाला. म्हणजे दुखणं पावलापाशी थांबत नाही, वर सरकतं.

आता मुख्य मुद्दा. रोज हील्स घातल्या तर शरीर काय करतं? ते अ‍ॅडजस्ट करतं! 2010 साली 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी'मध्ये चापो, नारिची वगैरे संशोधकांचा एक पेपर आला. त्यांनी किमान दोन वर्षं, आठवड्यातले पाच दिवस, निदान 5 सेंटिमीटरच्या हील्स घालणाऱ्या बायका निवडल्या. सपाट चप्पल घातली की पाय दुखतो, अशी त्यांची तक्रार होती. अल्ट्रासाउंडमध्ये दिसलं, की त्यांच्या पोटरीचे तंतू सपाट चपला घालणाऱ्यांपेक्षा सुमारे 13 टक्क्यांनी आखूड झालेत. आणि अकिलीस टेंडन जास्त जाड आणि कडक. स्नायूची ताकद मात्र कमी झालेली नव्हती. थोडक्यात, सिस्टिम नव्या ऑपरेटिंग पॉइंटवर सेट झाली. किंमत म्हणून घोट्याची हालचाल कमी झाली.

इथे माथेरानचा बाजार आठवा. तिथल्या चामड्याच्या चपला प्रसिद्ध आहेत. आपली हील्सवाली मैत्रीण वैतागून छानशी सपाट चप्पल विकत घेते आणि सगळे म्हणतात, "आता सुटलीस!" ती कधीतरीच हील्स घालत असेल तर खरंच सुटली. पण रोजची सवय असेल तर? सपाट चपलेत टाच एकदम तीन इंच खाली येते. त्यात चढावर पावलाचा पुढचा भाग वर असतो, म्हणजे घोटा आणखी मिटावा लागतो आणि पोटरीला आणखी लांब व्हावं लागतं. आखूड तंतू आणि कडक टेंडन, ताणायला जागाच नाही. रात्री पोटऱ्या ठणकतात आणि बिचारी नव्या चपलेला शिव्या देते.

पायथ्याच्या वाड्यांमधून ठाकर, कातकरी बायका डोक्यावर ओझं घेऊन डोंगर चढतात, पायात साधी स्लीपर, कधी तीही नाही. दर पावलाला त्यांच्या पोटरीला पूर्ण ताण मिळतो, म्हणून घोटा मोकळा राहतो. (त्यांना दुसरा पर्याय नसतो ही गोष्ट वेगळी, त्याचं कौतुक करून फोटो काढायचं कारण नाही.)

उतारावर उलटं होतं. उताराचा कोन हीलच्या कोनात मिळवला जातो. समजा उतार 8 अंशांचा, तर 26 चे 34 झाले. सगळं वजन चवड्यावर आणि बोटं पुढे चेपलेली. त्यात पेन्सिल हील असेल तर मातीचाही प्रश्न. 50 किलोची मुलगी, हीलचं टोक 1 चौरस सेंटिमीटर, टाच टेकते त्या क्षणी जवळजवळ 50 किलोचा दाब. कारच्या टायरमध्ये साधारण 2 असतो! पावसाने भिजलेल्या लाल मातीत हील रुतणारच. रुतली की पाऊल आत वळतं, आणि ते सावरायचं काम पोटरीच्या बाहेरच्या बाजूच्या बारीक स्नायूंवर येतं. ते थकले की घोटा मुरगळतो.

हील्स फेकून द्या असं मी म्हणत नाही, माझ्याकडेही एक जोड आहे. पण रोजची सवय असेल तर ट्रिपच्या दिवशीच सपाट चप्पल काढू नका. महिनाभर आधीपासून उंची कमी करत या, 3 इंचावरून 2, मग 1. कॉलेजला जाता-येता साधे शूज घाला, हील्स बॅगेत. रात्री भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, अर्धा मिनिट. हा ताण गॅस्ट्रोक्नेमियसला. मग तसंच राहून मागचा गुडघा थोडा वाकवा, आता सोलियसला. दोन्ही पायांनी तीन-तीनदा. आमच्या मजल्यावर हे आम्ही मेसची लाइन कमी होईपर्यंत जिन्यापाशी करतो. टाचेच्या मागे कळ येत असेल किंवा सूज असेल तर मात्र ताणत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.