आईचा पितळी डबा मोडीत का जात नाही?

प्रश्न : आम्ही नुकताच जुना वाडा सोडला आणि फ्लॅटमध्ये राहायला आलो. आईनं स्वतःच्या सोन्याच्या पाटल्या बिनतक्रार बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू दिल्या, पण माळ्यावरचा एक पोचे पडलेला पितळी डबा काही केल्या मोडीत घालू देत नाही. किलोवर विकला तर त्याचे असे कितीसे पैसे येणार! माणसाला आपल्याजवळची सर्वांत मौल्यवान वस्तू नेमकी कोणती वाटते? आणि तिचं मोल ठरतं कशावरून?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी तो डबा उजेडात घ्या आणि काठाखाली बोट फिरवून पाहा. बहुधा टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं हाताला लागतील. आपल्याकडे बारसं, मुंज, लग्न अशा कार्यात भांड्यांचा आहेर होई आणि भांडं घेतलं की दुकानातच त्यावर नाव घालून मिळे. पूर्वी हे काम छिन्नी-हातोडीनं चाले, पुढे विजेचं यंत्र आलं. पंगतीला शेजारपाजारची भांडी एकत्र येत, ती नंतर ज्याची त्याला परत जावीत, ही त्यामागची साधी सोय. पण त्या सोयीपायी देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव आणि तारीख धातूवर कायमची उमटली.

माझ्या आजीची अशीच एक पितळी वाटी माझ्याकडे आहे. तिच्या बारशाला तिच्या मामानं दिलेली. लग्नात आजीचं नाव बदललं आणि सासरी सगळे तिला नव्याच नावानं ओळखू लागले. आम्हा नातवंडांना तिचं माहेरचं नाव ठाऊकही नव्हतं. ती गेल्यावर भांडी घासताना वाटीच्या बुडाशी ते नाव दिसलं. तीन अक्षरं, त्यातलं मधलं अर्धं झिजलेलं. त्या दिवसापासून ती वाटी मी वापरात ठेवलेली नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळू. मिहाय चिकसेंटमिहाय आणि युजीन रॉचबर्ग-हॉल्टन या अभ्यासकांनी अमेरिकेत शिकागो परिसरातल्या ८२ कुटुंबांतल्या ३१५ जणांना त्यांच्या घरी जाऊन विचारलं, की घरातल्या कोणत्या वस्तू तुम्हाला खास वाटतात आणि का? आजी-आजोबा, आई-वडील, मुलं अशा तिन्ही पिढ्या त्यांत होत्या. १९८१ साली हा अभ्यास पुस्तकरूपानं आला. तरुण मुलं गाणी ऐकण्याच्या यंत्राकडे बोट दाखवत, तर वयस्कर माणसं फोटोंकडे. खुर्च्या, टेबलं, कपाटं यांचा उल्लेख तर सगळ्यात जास्त झाला. कारणं सांगताना मात्र लोक किमतीवर फारसे बोलत नसत. ही कुणी दिली, हिच्यावर कोण बसायचं, ही कुठून आणली, हेच सांगत. वय वाढतं तसं वस्तूचं मोल ‘ती काय करते’ यावरून सरकून ‘ती कुणाची’ यावर येतं.

यामागे मनाची एक साधी खोडही आहे. हातात आलेली वस्तू आपल्याला लगेच जास्त मोलाची वाटू लागते. डॅनियल कानमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग दिले आणि ते विकायला सांगितले. विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणारे देऊ करत होते त्याच्या साधारण दुप्पट निघाली. थोडा वेळ हाती आलेल्या मगाची ही गोष्ट, तर चाळीस वर्षं घरात वावरलेल्या डब्याचं काय सांगावं!

पण सवयीपेक्षा खोल असंही काही आहे. ब्रूस हुड आणि पॉल ब्लूम यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लहान मुलांना एक पेटी दाखवली आणि हिच्यात ठेवलेल्या वस्तूची हुबेहूब दुसरी प्रत तयार होते, असं भासवलं. साध्या खेळण्याची प्रत मुलं आनंदानं घ्यायला तयार होती. पण जे पांघरूण किंवा बाहुली कुशीत घेतल्याशिवाय झोप येत नसे, ते काहींनी त्या पेटीत ठेवूच दिलं नाही. ज्यांनी ठेवलं, त्यांतल्या बहुतेकांनी आपलं मूळचंच परत मागितलं. आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी पांघरून वाढलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको. तसंच रंगरूप असलेली नवी गोधडी बाजारात मिळते, पण त्या गोधडीत आजीचं लुगडं नसतं.

म्हणून माझा निकष एवढाच आहे : वस्तू हरवली तर पुन्हा मिळेल का? पाटल्या गेल्या तर मोठा फटका बसेल, पण सोनं पुन्हा घेता येतं, त्याचा विमा उतरवता येतो. कागदपत्रांच्या नकला मिळतात. पण काठावर नाव असलेला डबा, पाठीमागे आजोबांचं अक्षर असलेला फोटो, आईच्या हातची पाककृतींची वही, यांना दुसरी प्रत नाही. तुमची आई ज्याला विमा नाही तेच धरून बसली आहे. तिचा हिशेब बरोबर आहे.

अशा वस्तू सांभाळायला फार काही लागत नाही. नाव असलेलं पितळ चिंचेनं किंवा राखेनं जोर लावून घासू नका, अक्षरं झिजतात. मऊ, कोरड्या कापडानं पुसलं तरी पुरे. डब्यात आंबट पदार्थ ठेवायचा असेल तर आधी कल्हई करून घ्या. फोटोंच्या मागे पेन्सिलीनं, अलगद हातानं नावं आणि साल लिहा. फोटो भिजलेच तर गठ्ठ्यानं वाळू देऊ नका, एकमेकांना चिकटतील. ओले असतानाच वेगळे करा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत पसरा.

आणि एक काम मात्र लांबणीवर टाकू नका. येत्या रविवारी तो डबा आईच्या हातात द्या आणि विचारा, “हा कुणी दिला? कधी? यात काय ठेवायचीस?” ती सांगेल ते वहीत उतरवून घ्या. डबा आणखी शंभर वर्षं टिकेल, पण त्याची हकिगत सांगणारं माणूस आज तुमच्या घरात आहे.