आधी कडबा, मग चंदी, मग बॅलन्सर

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने घोडा आणायचा, महिनाभर दूध, तूप, अंडी, हरभरा असं सगळं त्याच्या तोबऱ्यात ओतायचं आणि लग्नसराई तोंडावर आली की ‘डॉक्टर, घोडं लोळतंय’ म्हणून फोन करायचा, हे जळगाव-धुळ्याकडे नवीन नाही. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे: ‘फीड बॅलन्सर चालू करू का?’ करा, पण गव्हाणीत पुरेशी वैरण असेल तरच.

घोड्याचं जठर लहान असतं, जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास झरत राहतं. त्या आम्लाला आवर घालणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. म्हणजे गव्हाण रात्रभर रिकामी राहिली की आम्ल जठरालाच खातं आणि व्रण होतात. गाय-म्हैस रवंथ करते, घोडा करत नाही. त्याचा चारा आंबतो तो मागे मोठ्या आतड्यात, आणि तिथल्या जिवाणूंना लागतो तो चोथा. म्हणून रोज शरीराच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण हवीच.

वजन अंदाजाने सांगू नका. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 160, लांबी 140 असेल तर वजन सुमारे 300 किलो. अशा घोड्याला साडेचार ते सहा किलो कोरडा चारा लागतो, तोही तीन-चार वेळा विभागून. रात्रीची पेंढी सर्वात मोठी ठेवा.

आपल्याकडचा दादर ज्वारीचा कडबा घोडी आवडीने खातात. पण त्यात प्रथिनं फार कमी असतात, आणि वाळलेल्या चाऱ्यात ई जीवनसत्त्वही उरत नाही. जोडीला लसूण घास द्या. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही भरपूर. मात्र सगळा चाराच घासाचा करू नका. पावसाळ्यात ज्वारीची कोवळी हिरवी ताटं किंवा फुटवे घोड्याला चारू नका. दीर्घकाळ चारल्यास मागचे पाय लुळे पडतात आणि लघवीवरचा ताबा जातो.

आता चंदी. तीनशे किलोच्या घोड्याला एका वेळी किलोभराच्या आतच धान्य द्यावं. जास्तीचा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, तसाच मागे जातो, तिथे आम्ल वाढतं, आणि मग पोटशूळ होतो किंवा खुरं तापून घोडा जागचा हलत नाही. गव्हाच्या कोंड्याचंही आपल्याकडे उगाच कौतुक आहे. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. रोज घमेलंभर कोंडा खाणाऱ्या घोड्याच्या हाडांतलं कॅल्शियम निघून जातं, चेहऱ्याची हाडं सुजतात आणि घोडा लंगडू लागतो.

बॅलन्सर म्हणजे प्रथिनं, खनिजं आणि जीवनसत्त्वांचा गोळीबंद मिश्र खुराक. माप थोडं, बहुतेकांचं शंभर किलो वजनामागे साधारण शंभर ग्रॅम. कडब्यात जे कमी पडतं ते, म्हणजे लायसिन, तांबं, जस्त, ई जीवनसत्त्व, तो भरून काढतो आणि चंदी कमी करायची सोय होते. पोट मात्र त्याने भरत नाही. ठाणावर बांधून असलेल्या, अंगाने बऱ्या घोड्याला कडबा, घास आणि बॅलन्सर एवढं पुरतं, हरभऱ्याची गरज नाही. वरातीला जुंपलेल्या किंवा गाभण घोडीची गोष्ट वेगळी, तिचं माप पशुवैद्यकाकडून ठरवून घ्या. आणि बॅलन्सर, टॉनिक, खनिज मिश्रण असं तिन्ही एकदम देऊ नका. सेलेनियम जास्त झालं की आयाळ-शेपटीचे केस झडतात, खुरं तडकतात. कोणताही बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करा.

दोन गोष्टी मात्र जिवावर बेततात. एक, पावसात भिजून बुरशी आलेला मका. त्यातलं विष घोड्याच्या मेंदूवर जातं, आणि मका उन्हात वाळवला किंवा पाखडला तरी ते जात नाही. असा मका कोंबड्यांच्या खाद्यातही खपवू नका, फेकून द्या. दुसरी, कोंबड्यांचं किंवा दुभत्या जनावरांचं तयार खाद्य. त्यात मोनेन्सिन हे औषध असू शकतं. गायीला पचणारी त्याची मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडू शकते. गोठ्यातलं पोतं घोड्याच्या तोंडाजवळ ठेवूच नका.

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात बॅन्डपुढे दोन तास उभं राहिलेल्या घोड्याला घामातून मीठ जातं. एरवी तीनशे किलोच्या घोड्याला रोज तीस ग्रॅम साधं मीठ पुरे, वरातीच्या दिवशी वाढवा. कडबा कोरडा आणि पाणी कमी, म्हणजे आतड्यात गोळा अडकलाच समजा. दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी, ऊन असेल तर त्याहून जास्त लागतं. वऱ्हाडी मंडळी घोड्याला कौतुकाने पेढे, गूळ, भिजली डाळ भरवतात. हात जोडून नको म्हणायला शिका.

घोड्याला ओकारी येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं वर येऊन सुटका होत नाही. घोडा पुन्हा पुन्हा कुशीकडे बघत असेल, पाय आपटत असेल, लोळत असेल किंवा लीद थांबली असेल तर तेल, काढे, हिंग पाजत बसू नका. चंदी काढून घ्या, शक्य असेल तर त्याला हळू चालवा आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा 1962 या टोल-फ्री क्रमांकावर लगेच कळवा.