गतीचे नियम आणि रस्त्यावरील वाहन

बैल थांबले की गाडी थांबते. पायडल मारणे सोडले की सायकल थोडे अंतर जाऊन उभी राहते. यावरून, वस्तू चालती ठेवावयाची असेल तर तिला सतत बल लावीत राहिले पाहिजे, असे कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचे मतही असेच होते व ते सुमारे दोन हजार वर्षे बहुतेक विद्वानांनी प्रमाण मानले. सतराव्या शतकात इटलीच्या गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून गतीचा बारकाईने अभ्यास केला आणि वेगळा निष्कर्ष काढला. सपाटीवर धावणाऱ्या वस्तूची गती आपोआप संपत नाही. घर्षण तिला संपविते. कॅरमच्या पटावर बोरिक पावडर टाकली म्हणजे त्याच टिचकीने सोंगटी किती लांब जाते, हे मुलांना ठाऊक असते. पावडरीने सोंगटीला बळ दिले नाही, फक्त घर्षण कमी केले.

इंग्लंडच्या आयझॅक न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रिन्सिपिया' या लॅटिन ग्रंथात हा विचार पहिला नियम म्हणून मांडला. बाहेरून बल लागले नाही तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, सरळ रेषेत चालत राहते. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात. बसचालकाने एकाएकी ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात व 'धक्का बसला' असे म्हणतात. वास्तविक त्यांना पुढे कोणीच ढकललेले नसते. बसचा वेग कमी झाला, प्रवाशांचा झाला नाही, इतकेच. चालत्या बसमधून उतरणाऱ्याचे पाय जमिनीवर टेकताच थांबतात, धड मात्र बसच्याच वेगाने पुढे जाते आणि मनुष्य तोंडावर पडतो.

दुसरा नियम हिशेबाचा आहे. वस्तूचे वस्तुमान आणि तिचे त्वरण यांचा गुणाकार म्हणजे तिच्यावरील बल. वेग वाढविणे असो वा कमी करणे असो, नियम एकच. वेग जितक्या थोड्या काळात बदलावयाचा, तितके बल अधिक लागते. वेगाने येणारा चेंडू झेलताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो तो यासाठीच.

येथे एक उदाहरण सोडवून पाहू. मोटार ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात आहे. पुढच्या आसनावर बसलेल्या आईच्या मांडीवर १० किलोग्रॅमचे मूल आहे. मोटार झाडावर आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली. मुलालाही तेवढ्याच वेळात थांबवावयाचे, तर त्वरण दर सेकंदास १०० मीटर प्रति सेकंद आणि बल १००० न्यूटन येते. एका न्यूटनचे बल म्हणजे सुमारे १०० ग्रॅम वस्तूचे वजन. अर्थात आईच्या हातांवर एकाएकी सुमारे १०० किलोग्रॅमचा भार येतो. असा भार, तोही न कळत आलेला, कोणीही पेलू शकणार नाही. 'मी मुलाला घट्ट धरले आहे' हे आश्वासन प्रेमाचे असले तरी गणितात बसत नाही. मुलासाठी स्वतंत्र आसन आणि मोठ्यांसाठी पट्टा हाच त्यावर उपाय होय. वेग फार नव्हता, गावातलाच होता, हे लक्षात घ्यावे.

थांबण्याच्या अंतराचे गणित शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांकडून अवश्य करून घ्यावे. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगला ब्रेक दर सेकंदास ५ मीटर प्रति सेकंद इतका वेग कमी करतो असे धरू. ताशी ३६ किलोमीटर वेगाचे वाहन ब्रेक लागल्यापासून १० मीटरांत थांबते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर केला, तर पुष्कळांचे उत्तर २० मीटर येईल. खरे उत्तर ४० मीटर आहे, कारण हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. त्या वेळात पहिले वाहन १० मीटर आणि दुसरे २० मीटर पुढे गेलेले असते. एकूण अंतरे २० आणि ६० मीटर झाली. पावसात पकड निम्मी राहिली असे धरल्यास तीच ३० आणि १०० मीटर होतात. शाळेपुढील रस्त्यावर ही अंतरे पावलांनी मोजून दाखविल्यास मुले ती सहसा विसरत नाहीत.

आता तिसरा नियम: एका वस्तूने दुसरीवर बल लावले की दुसरीही पहिलीवर तितकेच, उलट दिशेने बल लावते. न बांधलेल्या होडीतून काठावर उडी घेणारा होडीला मागे रेटतो. होडी सरकते आणि उडी तोकडी पडते. यावर वर्गातील एखादा चुणचुणीत विद्यार्थी हमखास विचारतो की, बैल गाडीला जितके ओढतो तितकेच गाडी बैलाला मागे ओढत असेल, तर गाडी पुढे जाते कशी? प्रश्न उत्तम आहे व तो दडपून टाकू नये. ही दोन बले एकाच वस्तूवर लागत नाहीत, म्हणून ती एकमेकांस रद्द करीत नाहीत. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो आणि जमीन बैलाला पुढे रेटते. हा रेटा गाडीच्या ओढीहून अधिक झाला की बैल आणि गाडी दोन्ही चालू लागतात. निसरड्या चिखलात तोच बैल हतबल होतो, कारण जमिनीचा आधार उरत नाही.

वाहनाचेही तसेच. ब्रेक फक्त चाकाचे फिरणे रोखतो. वाहनाला थांबविणारे बल रस्त्याकडून टायरवर येते. टायर गुळगुळीत झाले असतील, वळणावर रेती सांडलेली असेल किंवा पहिल्या पावसाने तेलकट थर सुटला असेल, तर नवाकोरा ब्रेकही निरुपयोगी ठरतो.

चोर्ला किंवा अनमोडसारख्या घाटातून उतरणाऱ्या मालमोटारीपुढे आणखी एक अडचण असते. समजा, मालासह १० टनांची मोटार ५०० मीटर उंचीवरून खाली आली. वेग वाढू द्यावयाचा नसेल, तर या उतरणीची सारी ऊर्जा कोठेतरी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडली पाहिजे. ती दीडशे लिटरांहून अधिक पाणी उकळीला आणण्याइतकी भरते. एवढी उष्णता एकट्या ब्रेकवर टाकली की तो तापून त्याची पकड सुटते. मालासह एकूण वजन दुप्पट झाले तर ही उष्णताही त्याच मानाने वाढते. जाणते चालक उतरण लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाकतात. मग वेग रोखण्याचे बरेचसे काम इंजिन करते आणि वळणावर खरी गरज पडेल त्या वेळी ब्रेक थंड असतो.