माळ्यावरची काच : धुण्याआधी काय पाहावं

खानदेशात दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरची एखादी पेटी हमखास खाली उतरते. आत भुसा, चिंध्या आणि त्यांत ठेवलेली काच असते. एखादी हंडी, झुंबराचे सुटे लोलक, अत्तरदाणी, नक्षीचा वाडगा, कंदिलाच्या दोन-तीन काचा. पेटी उघडून पाच मिनिटं होत नाहीत तोच कोणीतरी सांगतं, आधी राखेने घासून घ्या, मग बघू काय आहे ते. हा क्रम उलटा करायला हवा. आधी बघायचं, मग लिहून ठेवायचं आणि धुणं सगळ्यात शेवटी. काही वस्तू तर धुवायच्याच नसतात. शाळा, वाचनालयं आणि गावातली छोटी संग्रहालयं यांच्याकडे देणगीत आलेल्या काचेलाही हेच लागू आहे.

पेटी जमिनीवर ठेवा, शेजारी जाड गोधडी अंथरा. हातातल्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. सुती हातमोजे घालू नका, त्यांतून काच निसटते. कोरडे, स्वच्छ हात पुरतात. वस्तू कानाला किंवा काठाला धरून उचलू नये. एक हात बुडाखाली, दुसरा अंगाला. झाकण, बूच असेल तर ते आधी वेगळं काढावं. आणि ज्या वर्तमानपत्रात काच गुंडाळली आहे ते फेकू नका. त्यावरची तारीख, गावाचं नाव, एखाद्या दुकानाची पावती हे त्या वस्तूचं निम्मं चरित्र असतं. भुशात लोलकाच्या तारा, पितळी आकड्या, फुटलेल्या काठाचे कपचे सापडतात, म्हणून भुसाही चाळून घ्यावा.

आता वस्तू ओळखायची. त्यासाठी खोली थोडी अंधारी करून काचेच्या मागून टॉर्च धरा आणि बोट आतून फिरवा. डोळ्यांपेक्षा बोटाला जास्त कळतं. बाहेर नक्षी आहे आणि आतला पृष्ठभाग मात्र गुळगुळीत लागतो, तर काच बहुधा दाबलेली. लोखंडी साच्यात वितळलेल्या काचेचा गोळा टाकून वरून दट्ट्या दाबतात. साचा बाहेरून नक्षी देतो, दट्ट्या आतली बाजू गुळगुळीत करतो. साच्याचे भाग जिथे जुळतात तिथे अंगावर बारीक उभ्या शिवणी राहतात. दोन, तीन, कधी चार. नखाने चाचपलं की लागतात.

बाहेरचा उंचवटा आतूनही खळग्यासारखा लागला तर ती साच्यात फुंकलेली काच. आणि शिवण कुठेच नाही, जाडी कुठे कमी कुठे जास्त, आतले बुडबुडे लांबट, तर ती मोकळी फुंकलेली, साच्याविना. अशा वस्तूचं बूड उलटं करून पाहा. कारागीर फुंकणीपासून वस्तू सोडवून घेताना ती बुडाशी एका सळईला चिकटवत असे. सळई मोडून काढली की तिथे खरखरीत गोल व्रण राहतो. पुष्कळजण त्याला फुटलेला भाग समजून कानशीने घासतात. कृपा करून असं करू नका. हाताने घडवल्याची ती सही आहे. व्रण घासून चकचकीत केलेला असेल, तर तेही बहुतेक वेळा कारखान्यातच केलेलं असतं.

कापलेली, म्हणजे चाकावर घासून नक्षी काढलेली काच वेगळी. तिच्या कडा बोटाला टोचतात, रेघा जिथे छेदतात तिथे थोडी चूक दिसते. दाबलेल्या काचेच्या कडा मऊ, गोलसर. दाबल्यावर पुन्हा भट्टीच्या ज्वाळेत धरून चमकवलेली असेल तर शिवणीही पुसट होतात, तेव्हा एकाच खुणेवर निकाल देऊ नये.

दाबलेल्या काचेचा उद्योग अमेरिकेने मोठा केला. १८२० च्या दशकात तिथे दट्ट्याची यंत्रं आली. १८२५ साली डेमिंग जार्व्हिसने मॅसॅच्युसेट्समधल्या सँडविच गावात कारखाना काढला. 'बॉस्टन अँड सँडविच ग्लास कंपनी' या नावाने तो १८८८ पर्यंत चालला. आज तिथली बशी संग्रहालयात काचेच्या कपाटात असते, पण ती निघाली होती सामान्य घरासाठी, कापीव काच ज्यांना परवडत नव्हती त्यांच्यासाठी. सुरुवातीची एक अडचण फार मजेची आहे. गरम काच थंड लोखंडाला लागली की तिच्यावर सुरकुत्या पडत. त्या लपवण्यासाठी कारागिरांनी सगळी मोकळी जागा बारीक ठिपक्यांनी भरून टाकली आणि त्यातून लेससारखी दिसणारी नक्षी जन्माला आली. पुढे १८६४ मध्ये विल्यम लेटनने शिशाशिवाय, सोडा आणि चुना वापरून स्वस्त स्वच्छ काच करून दाखवली. त्यामुळे जुनी दाबीव काच हाताला जड लागते, नंतरची हलकी. हा फरक सरावाने कळतो. टिचकी मारून आवाज ऐकायचा मोह होईल. तडा असलेल्या वस्तूवर ती शेवटची टिचकी ठरू शकते.

आपल्याकडच्या माळ्यावर मात्र अमेरिकन काच क्वचितच निघेल, आणि निघालीच तर बहुधा कंदिलाच्या रूपात. न्यूयॉर्कच्या डीट्झ कंपनीचे कंदील जगभर गेले होते. अमेरिकेचा खानदेशाशी संबंध आला तो कापसातून. १८६१ ते ६५ च्या तिथल्या यादवी युद्धाने इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला, भारतातल्या कापसाचे भाव कडाडले. त्याच दशकात जीआयपी रेल्वे भुसावळला पोहोचली. खानदेशातल्या व्यापाऱ्यांच्या माड्यांवर पैसा आला आणि मुंबई बंदरात उतरलेला युरोपचा माल आगगाडीने इथे येणं सोपं झालं. म्हणून जळगाव-धुळ्याच्या वाड्यात सापडणारी हंडी इंग्लंडची, बेल्जियमची, बोहेमियाची असण्याची शक्यता जास्त. घरची मंडळी तिला सरसकट 'विलायती' म्हणतात, तेवढ्यावर थांबू नये.

देश ओळखायला शिक्के मदत करतात. बुडाशी किंवा शिवणीजवळ भिंगातून पाहा. १८४२ ते १८८३ दरम्यानच्या इंग्रजी मालावर कधी चौकटच्या आकाराचा छोटा शिक्का असतो. १८८४ पासून 'आरडी' ही अक्षरं आणि नोंदणी क्रमांक येतो. चेकोस्लोव्हाकियाचं नाव असेल तर वस्तू १९१८ नंतरची, कारण तो देशच तेव्हा झाला. 'ऑक्युपाइड जपान' असं असेल तर १९४५ ते १९५२ मधली. उलट शिक्का नसणं हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. शिवाय जुन्या साच्यांवरून नवीन माल आजही निघतो.

देशी कारखान्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, हे मला बरोबर वाटत नाही. तळेगाव दाभाड्याचा पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मधला, लोकांच्या एकेका पैशावर उभा राहिलेला. तो चालवायला आलेले ईश्वरदास वार्ष्णेय जपानमध्ये आणि अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेले होते. कराडजवळ औंध संस्थानच्या पाठिंब्याने १९१६ साली ओगले बंधूंचा कारखाना निघाला. 'प्रभाकर' कंदील त्यांचाच आणि त्या ठिकाणाचं नाव ओगलेवाडीच पडलं. कंदिलावर यांपैकी नाव दिसलं तर ती वस्तू बेल्जियमच्या फुलदाणीपेक्षा कमी नव्हे. गोटीच्या सोड्याची बाटलीही जपा. ती रचना इंग्लंडच्या हायरम कॉडने १८७० च्या दशकात पेटंट केली होती आणि आपल्या यात्रांमधून ती परवा-परवापर्यंत फिरत होती.

रंगासाठी एक सोपी परीक्षा आहे. दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तो अंधारात काचेवर धरा. युरेनियम घातलेली पिवळट-हिरवी काच झगझगीत हिरवी उजळते. मँगनीज असलेली काच फिकट हिरवी. मँगनीजची पांढरी काच वर्षानुवर्षं उन्हात राहिली की जांभळट होते. ही छटा जुनेपणाची खूण म्हणून विकली जाते, पण किरणांचा मारा करून ती मुद्दामही आणता येते. तेव्हा जांभळ्या रंगाला भुलून जास्त पैसे देऊ नका.

एवढं झालं की नोंद. वही असो की संगणक, प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, तीन बाजूंनी फोटो, शेजारी मोजपट्टी. उंची, काठाचा व्यास, रंग, शिवणी किती, बूड कसं, तडे कुठे. आणि मग घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारा : ही कोणाच्या लग्नात आली, कोणाच्या दुकानातून, कशासाठी वापरली? आजी अहिराणीत सांगत असेल तर अहिराणीतच लिहा; त्या वस्तूला तिने वापरलेलं नाव प्रमाण मराठीत बदलू नका. क्रमांक चिकटपट्टीने लावू नये, तिचा गोंद वर्षभरात पिवळा पडतो आणि सोनेरी मुलामा घेऊन निघतो. घरी सुती दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी पुरे. संग्रहालयात पॅरालॉइड बी-७२ या रेझिनचा पातळ थर देऊन त्यावर शाईने क्रमांक लिहितात आणि वर पुन्हा एक थर. तो ॲसिटोनने काढता येतो.

आता धुणं. पण त्याआधी बाजूला काढायच्या वस्तू : सोनेरी मुलामा किंवा रंगकाम असलेली, तडा गेलेली, पूर्वी चिकटवलेली, धातू जोडलेली आणि जमिनीतून निघालेली. शेवटच्या प्रकाराचं खानदेशात विशेष महत्त्व आहे. तापी-गोमाई संगमावरच्या प्रकाशे इथल्या १९५५ च्या उत्खननात काचेचे मणी आणि बांगड्यांचे तुकडे निघाले होते. शेतात नांगरताना असं काही वर आलं, तर त्यावरचा मोरपंखी पापुद्रा पाण्याने सुटून जातो. तो पापुद्रा म्हणजे बदललेली काचच असते. न धुता, न घासता कागदात ठेवून पुरातत्त्व खात्याला कळवावं.

राहिलेली साधी, धडधाकट काच धुवायची असेल तर मोरीत किंवा नळाखाली नको. प्लॅस्टिकचं घमेलं घ्या, तळाशी टॉवेल घाला. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. तिथून उतरवलेली काच लगेच माठाच्या पाण्यासारख्या गार पाण्यात बुडवली तर तडकणारच. रात्रभर खोलीत राहू द्या, मग कोमट पाणी, साध्या भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश. एका वेळी एकच वस्तू. राख, रांगोळी, घासायची पावडर, चिंच, काथ्या यांतलं काही नको. दाबीव काचेच्या नक्षीत पावडर जी बसते ती निघत नाही.

आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षारयुक्त. त्याने धुऊन वाळवलं की पांढरे डाग उरतात, म्हणून शेवटचं विसळणं डिस्टिल्ड वॉटरने करावं. औषधाच्या दुकानात मिळतं. बॅटरीच्या दुकानातून घेताना बाटली ॲसिडची नाही ना हे वाचून घ्या. कुपीच्या आतली पांढुरकी झाक क्षाराची असेल तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने तासाभरात सैल होते. नाही झाली तर काचच खाल्ली गेली आहे असं समजून सोडून द्या. आत तांदूळ किंवा वाळू घालून हलवायची जुनी युक्ती काचेला ओरखडे पाडते. वाळवताना जुन्या धोतराचं किंवा मलमलचं फडकं वापरा आणि बूच पूर्ण कोरडं झाल्याशिवाय लावू नका, ते अडकून बसतं.

हात लावल्यावर काच बुळबुळीत लागली, तिच्यावर दमट थेंब दिसले किंवा आत केसासारख्या भेगांचं जाळं दिसलं, तर तो काचेचा आजार. मिश्रणात क्षार जास्त आणि चुना कमी पडला की ओलाव्याने क्षार बाहेर झिरपू लागतात. तो बरा होत नाही, थांबवता येतो : हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर. श्रावणात दमट, वैशाखात शुष्क, आणि वैशाखातच डेझर्ट कूलर लावला की पुन्हा दमट, हा खेळ तिला सोसत नाही. कपाट कूलरच्या झोतात नको, पश्चिमेच्या खिडकीत नको. आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र कपाटात ठेवून महिनाभर आकडे लिहा, मग निर्णय घ्या.

कपाटात पिवळा बल्ब लावू नये, एलईडी बरी. धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गाच्या किंवा जळगावात रुळांच्या जवळ घर असेल तर काचेच्या फळीवर काच सरकते, हादऱ्याने कडेपर्यंत येते. खाली पातळ फेल्ट घाला. जुन्या चिमणीत रॉकेल घालून 'एकदा पेटवून बघू' हा उत्साह टाळावा.

फुटलंच तर प्रत्येक कपचा वेगळ्या कागदात, एका डब्यात. फेव्हिक्विक लावू नका, ते पुढच्या जोडणीची वाट बंद करतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन विभाग आहे, तिथे विचारता येईल. तुलनेसाठी काच बघायची तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय दिव्यांसाठी आणि हैदराबादचं सालारजंग युरोपीय काचेसाठी पाहावं.

विकण्याचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा की १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तू येतात आणि त्या खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. संग्रहालयाला देणार असाल तर दानपत्र लिहून द्या, वस्तूंची यादी फोटोंसह जोडा, आजीकडून घेतलेली माहिती तिच्या नावानिशी त्यात घाला, आणि संग्रहालयाने दिलेला नोंदणी क्रमांक लिहिलेली पोच घेऊनच घरी परता.