बोअर मारण्याआधी

मी मूळची दर्यापूरची, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातली. विहीर भरलेली असते, पण घोट घशाखाली उतरत नाही, हे लहानपणापासून पाहिलेलं. चेन्नईत एग्मोरला राहायला आल्यावर इमारतीच्या समितीत पाण्याचं खातं आपसूक माझ्या गळ्यात पडलं. बोअरबद्दल विचारायला येणाऱ्यांना मी सांगते ते असं.

१. किती फुटांवर पाणी लागेल, हा प्रश्न नंतरचा. खाली काय आहे, हे आधी विचारा. चेन्नईच्या दक्षिणेला, गिंडी-वेळच्चेरीकडे, चार्नोकाइट नावाचा कठीण खडक आहे. पाणी त्याच्या भेगांत असतं. तिरुवान्मियूरच्या किनाऱ्यावर वाळू. आमच्याकडे वर कूवम नदीचा गाळ आणि खाली गोंडवाना काळातले शेल आणि चिकणमातीचे थर. शेलमध्ये पाणी मावतं, पण तो ते सोडत नाही; दाणे इतके बारीक की पाण्याला वाहायला वाटच नाही. गंमत म्हणजे नागपूरजवळच्या कामठीच्या नावाने ओळखला जाणारा वालुकाश्मही गोंडवानाचाच, आणि त्याला पाणी चांगलं लागतं. घराणं एक, हात मात्र एकाचा सढळ आणि दुसऱ्याचा आखडता. म्हणून वेळच्चेरीच्या मेहुण्याच्या बोअरचे किस्से एग्मोरमध्ये कामाचे नाहीत.

२. ‘अजून पन्नास फूट जाऊ, गोड लागेल,’ असं बोअरवाला म्हणतो. त्याचं बिल फुटावर असतं, हे ध्यानात ठेवा. गाळाच्या थरांत खोली आणि गोडी यांचा संबंध नाही. चिकणमातीत अडकलेलं पाणी हलत नाही, त्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत. पूर्णेच्या गाळातही दुखणं याच जातीचं. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी पाणी खारं. वरच्या वाळूत बरं पाणी लागलं असेल तर तिथेच थांबावं. खाली जायचंच असेल, तर खाऱ्या थराजवळ पाइपाबाहेरची पोकळी सिमेंटने बंद करून घ्या, नाहीतर ते पाणी त्या वाटेने चांगल्या थरात उतरतं.

३. बोअर चालू असताना खाली उभं राहा. दर काही फुटांवरची माती ओळीने मांडून ठेवायला सांगा. फिल्टर पाइप वाळूच्या थरासमोर यायला हवा, आणि त्याभोवती खडी. चिकणमातीसमोर आला तर गाळ ओढत राहतो आणि मोटर जाते. कठीण खडकात ही कटकट फारशी नसते.

४. पाणी काढताना स्वच्छ, तासाभराने बादलीत पिवळसर: हे लोह. हवा न पोचणाऱ्या थरांत ते विरघळलेलं असतं, हवा लागली की गंजून तळाशी बसतं. पाणी आधी हवेत खेळवून, निवळून, गाळून घ्या. थेट आरओला जोडलंत तर पडदा लवकर चोंदतो.

५. टीडीएसचं पेन खिशात ठेवून फिरणारे आमच्याकडे बरेच आहेत. भारतीय मानकात पसंतीची मर्यादा ५००, दुसरा स्रोतच नसेल तर २००० मिलिग्रॅम प्रतिलिटर. पण पेन क्षारांची बेरीज सांगतं. नायट्रेट किती, जिवाणू आहेत का, हे त्याला कळत नाही. कूवममधून सांडपाणी वाहतं, गटारांच्या वाहिन्याही जुन्या. उथळ विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय स्वयंपाकाला नको.

६. समुद्र इथून तीन-चार किलोमीटरवर. किनाऱ्याजवळ भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असेल, तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी तग धरतं. पातळी उतरली की खारं पाणी त्याच हिशेबाने वर चढतं. उत्तरेला मिंजूरच्या नदीगाळातून शहरासाठी आणि शेतीसाठी वर्षानुवर्षं उपसा झाला आणि समुद्र जमिनीखालून कित्येक किलोमीटर आत शिरला. २०१० मध्ये त्याच मिंजूरजवळ रोज १० कोटी लिटर समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना सुरू झाला! चेन्नई महानगर भूजल कायदा १९८७ चा आहे. बोअरला परवानगी लागते, हे सांगितलं की आजही लोक माझ्याकडे आश्चर्याने बघतात.

७. तमिळनाडूत २००३ मध्ये छपरावरचं पाणी जिरवणं सक्तीचं झालं. आमच्या भागात मात्र नुसता खड्डा खणून भागत नाही, वरची चिकणमाती पाणी धरून ठेवते. ती ओलांडून वाळूपर्यंत पोचणारी कड्यांची पुनर्भरण विहीर लागते. २०१९ च्या उन्हाळ्यात तलाव आटले, १२ जुलैला जोलारपेट्टैहून २५ लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे विल्लिवाक्कमला आली, तेव्हा कुठे आमच्या समितीत या विहिरीचा ठराव एकमताने झाला. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. त्याआधी सप्टेंबरात गच्ची झाडायची, पाइपाची जाळी काढून धुवायची, विहिरीतला गाळ उपसायचा आणि पहिल्या सरीचं पाणी बाहेर सोडायचं. या खर्चावर दरवर्षी तासभर वाद होतो. पाण्याच्या लॉरीचं बिल मात्र पाच मिनिटांत मंजूर होतं.